बेडूक, चौकोनी डोकी आणि आई

माझी आई पुण्याची आणि बाबा नागपूरचे, आणि अमेरिकेतल्या हर्नडनमधल्या आमच्या दोन बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये ही गोष्ट विसरायची कुणाची टाप नव्हती. बाबा आईला ‘पुणं’ म्हणत. आई समोर उभी असतानाच मला विचारत, ‘‘काय गं पोट्टी, पुणं आज रागावलंय का?’’ आई त्यांना ‘संत्रं’ म्हणे. आमटी गोड झाली की पुण्याचा उद्धार व्हायचा आणि भाजीनं डोळ्यांत पाणी आलं की नागपूरचा. ‘पोट्टी’ या नागपुरी शब्दानं आईच्या कपाळावर आठी पडे, म्हणून बाबा मला त्याच नावानं, गरज नसताना, दोनदा हाक मारत. लग्न म्हणजे दोन गावांनी एकमेकांना नावं ठेवत एका टेबलावर जेवणं, अशी माझी लहानपणी समजूत होती, आणि आज माझं स्वतःचं लग्न बऱ्यापैकी जुनं झाल्यावरही ती फारशी बदललेली नाही.

त्या घराचे आवाज मला अजून आठवतात. कुकरची तिसरी शिट्टी झाली की छतावरचा स्मोक अलार्म केकाटायचा, मग बाबा खुर्चीवर चढून त्याला वर्तमानपत्रानं वारा घालायचे. डिशवॉशर आम्ही कधीच लावला नाही. त्यात हातानं घासलेली भांडी निथळत ठेवायचो. आणि या सगळ्याच्या मधून आईचं फ्रेंच. कणीक मळताना ती फ्रेंच क्रियापदं चालवायची, एकेका काळातून, एकही न अडखळता. पुण्यात अकरा वर्षं तिनं शाळेत फ्रेंच शिकवलं होतं. तिच्या हाताखालून गेलेली मुलं त्या विषयात मार्कांचा पाऊस पाडत. हर्नडनला मात्र बाबांच्या व्हिसावर आलेल्या बायकोला नोकरी करायला मनाई होती. त्यामुळे अकरा वर्षं शिकवलेली बाई एकदम घरी बसली आणि तिचा सगळा वर्ग म्हणजे मी एकटी. माझ्या वहीत लाल पेन चालायचं ते असं, की माझ्या अमेरिकन मैत्रिणींना वाटे मी नापास झालेय.

एक गोष्ट मात्र ती कुणाला सांगत नसे. अकरा वर्षं फ्रेंच शिकवलं, पण जन्मापासून फ्रेंच बोलणारा माणूस तिला एकही भेटला नव्हता. तिचं फ्रेंच पुस्तकातून आलं, कॅसेटमधून आलं, तिच्या बाईंकडून आलं, आणि त्या बाईंचं त्यांच्या बाईंकडून. माझ्या हायस्कूलच्या फ्रेंच टीचरला भेटायचं म्हटलं की तिला हटकून काहीतरी काम निघायचं. एकदा डोकं दुखलं, एकदा पाहुणे आले, एकदा तर ती म्हणाली की मला नेसायला धड साडी नाही. दीड वर्ष तिनं असं काढलं. ती घाबरली होती हे मला तेव्हा कळलं नाही, कारण आई घाबरते हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

त्या टीचर म्हणजे मादाम गान्यों. ठेंगण्या, पिकल्या केसांच्या, मार्च उलटला तरी बर्फातले बूट घालून येणाऱ्या. त्या कॅनडातल्या फ्रेंच बोलणाऱ्या क्वेबेक प्रांतातल्या, एका कागद गिरणीच्या गावातल्या. त्या बोलायला लागल्या की फ्रेंच शब्द नाकातून, घशातून, कुठून कुठून यायचे. मी घरी येऊन त्यांची नक्कल केली तेव्हा आईनं पोळी लाटता लाटता मान हलवली. ‘‘हे कसलं फ्रेंच! स्वर बघ किती पसरट. पॅरिसमध्ये हसतील हिला.’’ बाबा सोफ्यावरून म्हणाले, ‘‘तू कवा गेली होती पॅरिसला, बाप्पा?’’ त्यावर लाटण्याचा आवाज जरा मोठा झाला.

मग ते युद्ध आलं. अमेरिका इराकवर जायला निघाली, फ्रान्सनं साथ द्यायला नकार दिला आणि आमच्या शाळेत दोन आठवड्यांत फ्रेंच हा शिव्या खायचा विषय झाला. हर्नडनमध्ये घराघरांत कुणी ना कुणी लष्करातलं किंवा सरकारी नोकरीतलं. कॅफेटेरियाच्या फळ्यावर ‘फ्रेंच फ्राइज’मधल्या पहिल्या शब्दावर कुणीतरी काट मारली आणि ती कुणी पुसली नाही. इंग्रज लोक शेकडो वर्षं फ्रेंचांना ‘बेडूक’ म्हणत आलेत, कारण काय तर ते बेडकांच्या तंगड्या खातात. ते नाव आमच्या कॉरिडॉरमध्ये नव्यानं जन्माला आलं. आमचा वर्ग सुटला की कुणीतरी ‘‘रिबिट, रिबिट’’ करायचं. इंग्रजीतला बेडूक तसाच ओरडतो. मादामच्या दारावरच्या आयफेल टॉवरला कुणीतरी हिरवे डोळे काढले. मुलं एकेक करून वर्ग सोडायला लागली. कुणाचे वडील नको म्हणाले, कुणी स्वतःच स्पॅनिशकडे वळलं.

आता जे सांगायचं आहे ते मी माझ्या मुलींनाही बरीच वर्षं सांगितलं नव्हतं. मला बरं वाटलं. त्याआधीचं दीड वर्ष नावं मला पडत होती. ‘करी’ हे त्यातलं सगळ्यात सौम्य. टीव्हीवर ज्या दाढीवाल्याचा चेहरा सतत दिसायचा त्याची मी भाची आहे, असं बसमध्ये ठरलेलं होतं. आणि अचानक मला कुणी काही म्हणेना. पाळी दुसऱ्याची आली होती. एका दुपारी बस शाळेसमोर उभी होती, मादाम हातात वह्यांचा गठ्ठा घेऊन पार्किंगकडे चालल्या होत्या, आणि माझ्या पुढच्या सीटवरच्या काइलनं खिडकी उघडून ‘‘रिबिट!’’ केलं. सगळे हसले. काइल मागे वळून मला म्हणाला, ‘‘कम ऑन, मृणाल, यू डू इट.’’ दीड वर्षात त्यानं पहिल्यांदा मला माझ्या नावानं हाक मारली होती. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि केलं. चांगलं मोठ्यानं केलं. मादामनी वर पाहिलं, मला ओळखलं, आणि वह्या सावरत ‘‘बॉन जुर्ने, मृणाल,’’ म्हणाल्या, म्हणजे दिवस चांगला जावो. आणि त्या गाडीकडे गेल्या.

त्याच आठवड्यात होळी आली. देशी दुकानातली हरभऱ्याची डाळ आदल्या दिवशीच संपली होती, म्हणून बाबा अमेरिकन सुपरमार्केटमध्ये गेले आणि पिवळीधमक, दोन फाकी झालेली डाळ घेऊन विजयी मुद्रेनं परत आले. आईनं ती शिजवली. कुकर उघडला तर आत पिठलं. ती बिचारी डाळ पाट्याला लागायच्या आधीच विरघळून गेली होती. आईनं पाकीट आणायला सांगितलं, चष्मा लावून वाचलं आणि पाकीट बाबांसमोर धरलं. सोललेले वाटाणे होते. ‘‘नागपुरात डाळ आणि वाटाणा एकच असतो का हो?’’ बाबा म्हणाले, ‘‘पिवळं दिसलं, आणलं. पुण्यात काय लेबल लावून डाळी येतात?’’ त्या वर्षी आमच्या होळीला पुरणपोळी झाली नाही, शिरा झाला. त्या वाटाण्याची आईनं गोडा मसाला, चिंच, गूळ घालून आमटी केली, आणि ती पातेलं भरून उरली.

‘‘तुमच्या त्या मादामला ने डब्यातून,’’ बाबा गमतीनं म्हणाले. मी ‘‘नेते’’ म्हणाले ते इतकं पटकन, की आईनं माझ्याकडे पाहिलं. मला क्षमा मागायची होती आणि तोंड नव्हतं. आईनं स्टीलचा डबा भरला, आणि मग काय वाटलं कोण जाणे, तिच्या त्या कोरीव अक्षरात फ्रेंचमध्ये चार ओळींची चिठ्ठी लिहून झाकणाला चिकटवली. लिहून झाल्यावर ती तीनदा तपासली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मादामनी माझ्यासमोर डबा उघडला, एक चमचा तोंडात घातला आणि चमचा खाली ठेवला. मला वाटलं, तिखट लागलं. त्या हसत होत्या, पण डोळे भरले होते. म्हणाल्या, ‘‘हे माझ्या आईचं सूप आहे. कुणीतरी त्याला दागिने घातलेत.’’ त्यांच्या गावाकडे रोज याच पिवळ्या वाटाण्याचं सूप असायचं, गरिबाचं जेवण. म्हणून इंग्रजी बोलणारी पोरं त्यांना ‘पी सूप’ म्हणून हाका मारायची; बेडूक होतंच. ‘‘आम्ही काय गप्प बसायचो? आम्ही त्यांना ‘चौकोनी डोकी’ म्हणायचो. दगडसुद्धा मारायचो.’’ मग चमच्याकडे बघत त्या म्हणाल्या, ‘‘मी नऊ वर्षांची असताना एका इंग्रज मुलीनं मला तिच्या घोळक्यात घेतलं. पलीकडून माझी चुलत बहीण येत होती. मी तिला पी सूप म्हणून ओरडले.’’ मी रडले. त्यांनी मला टिश्यूचं खोकं दिलं आणि आमटी संपवली.

शनिवारी दुपारी आमची बेल वाजली. मादाम दारात. रिकामा डबा परत द्यायची पद्धत त्यांच्या गावातही नव्हती. आत मेपलच्या साखरेची टार्ट होती, चवीला थेट आपल्या गुळाच्या पोळीच्या जवळची. आई स्वयंपाकघरात गेली आणि बाहेर येईना. मी आत गेले तर ती ओट्याला धरून उभी होती. ‘‘मला नाही जमणार, मनू. दोन वाक्यांत कळेल तिला.’’ काय कळेल, ते तिनं सांगितलं नाही. बाबा बाहेर आपल्या इंग्रजीत हवामानाबद्दल बोलून संपले होते. शेवटी आई पदर सावरत बाहेर आली आणि तिनं एक लांबलचक, वळणदार, एकही चूक नसलेलं फ्रेंच वाक्य बोलून मादामचं स्वागत केलं. मादाम बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘मादाम, अशा फ्रेंचमध्ये माझ्याशी शेवटचं कोण बोललं असेल तर आमच्या शाळेची मोठी नन. मी आपोआप ताठ बसले बघा.’’ आणि बाबांसाठी त्यांनी तेच इंग्रजीत सांगितलं. बाबा एवढे हसले की आईलाही हसू फुटलं.

मग तीन तास कुणी उठलं नाही. मादामनी सांगितलं की निरोप न घेता सटकण्याला इंग्रज लोक ‘फ्रेंच लीव्ह’ म्हणतात आणि फ्रेंच लोक त्यालाच ‘इंग्रजांसारखं पळणं’ म्हणतात. ‘‘आणि मराठी माणूस?’’ बाबा म्हणाले. ‘‘येतो येतो म्हणतो आणि दारात अर्धा घंटा उभा राहतो. जातच नाही.’’ मादामनी त्यांच्या तरुणपणीच्या पॅरिसची गोष्टही सांगितली. तिथल्या पावाच्या दुकानात त्या तोंड उघडत आणि बाई हसून इंग्रजीत उत्तर देई. ‘‘इंग्रजांना मी बेडूक, आणि पॅरिसला मी बेडूकसुद्धा नाही.’’ हे ऐकून आईची मान खाली गेली. पसरट स्वरांबद्दल ती काय म्हणाली होती ते आम्हा तिघांनाच ठाऊक होतं. उठताना मादाम सहज बोलाव्यात तशा बोलल्या, की पुढच्या वर्षी वरचा फ्रेंच वर्ग बहुतेक बंद होणार, गुरुवारी पालकांची सभा आहे, आणि वर्ग गेला तर त्याही जातील, बहीण बोलावतेय मॉन्ट्रियलला. आईनं विचारलं, सभेत कोण कोण बोलणार आहे? मादाम म्हणाल्या, ‘‘आतापर्यंत तरी कुणी नाही.’’

चार दिवस आई बाथरूमच्या आरशासमोर इंग्रजी भाषण पाठ करत होती. गुरुवारी ती नारायणपेठ नेसली. सभागृह भरलं होतं, बरेच लोक पार्किंगच्या नियमांसाठी आले होते. प्रिन्सिपल म्हणाले, फ्रेंचबद्दल एका पालकांना दोन मिनिटं हवी आहेत. आई माइकपाशी गेली, कागद उघडला. ‘‘मी भारतात अकरा वर्षं फ्रेंच शिकवलं,’’ एवढं ती इंग्रजीत बोलली, आणि मागून आवाज आला, ‘‘रिबिट.’’ हशा झाला, फार मोठा नाही, पण पुरेसा. मादाम पहिल्या रांगेत बसल्या होत्या, त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. मला माझ्या आयुष्यात इतकं गरम कधी झालं नव्हतं. तो आवाज काइलचा होता, आमच्या मागे तीन रांगा.

आईनं चष्मा नाकावर खाली घेतला आणि अकरा वर्षांच्या सवयीनं विचारलं, ‘‘हू वॉज दॅट? स्टँड अप, प्लीज.’’ कुणी उठलं नाही. आई थांबली. वर्गात उत्तर येईपर्यंत बाई जशा थांबतात तशी, घड्याळाकडे न बघता. प्रिन्सिपल चुळबुळले. आणि मी उभी राहिले.

‘‘तू?’’ आई माइकमध्ये मराठीत म्हणाली.

‘‘आत्ता नाही, आई. मागच्या आठवड्यात. बसमधून. मादामना.’’

सभागृहाला काही कळलं नाही. मग मी तेच इंग्रजीत सांगितलं, सगळ्यांना, मादामच्या पाठीकडे बघत. आईचा चेहरा मी विसरू शकत नाही. राग नव्हता त्यावर. घरातलंच माणूस परकं निघावं तशी ती बघत होती. मग तिनं कागदाची घडी केली.

‘‘रिबिट हे इंग्रजी बेडूक म्हणतो,’’ ती इंग्रजीत म्हणाली. ‘‘तू माझ्याकडे फ्रेंच शिकतेस. फ्रेंच बेडूक काय म्हणतो?’’

‘‘कोआ, कोआ,’’ मी म्हणाले.

‘‘मागे ऐकू गेलं नाही.’’

‘‘कोआ! कोआ!’’

‘‘आणि आपल्याकडचा?’’

‘‘डरांव डरांव,’’ मी दोनशे माणसांत, सोळाव्या वर्षी, घसा फाडून ओरडले. लोक हसले, पण हे हसणं निराळं होतं, आणि त्यात मादामचं सगळ्यात मोठं होतं. मागे खुर्ची सरकली. काइल उभा होता, लालबुंद. ‘‘आत्ता मी होतो, मॅम. माझा भाऊ तिकडे इराकच्या लढाईवर गेलाय.’’ आई म्हणाली, ‘‘तो सुखरूप येऊ दे. थँक यू. सिट डाउन.’’ मग ती सभागृहाकडे वळली आणि पाठ केलेलं सगळं सोडून बोलली. म्हणाली, माझा नवरा नागपूरचा आहे, मी पुण्याची, आम्ही एकमेकांना रोज नावं ठेवतो, त्यामुळे नावं ठेवू नका असं मी म्हणणार नाही. तुम्हाला फ्रान्सचा राग आला आहे ना, खुशाल येऊ दे. पण फ्रेंच माणसाला दोन शब्द सुनावायचे तर ते त्याला कळतील अशा भाषेत सुनावा, आणि क्रियापद बरोबर चालवा. नाहीतर तो तुम्हालाच हसेल, आणि त्याचं बरोबर असेल. यावर पार्किंगवाले लोकसुद्धा टाळ्या वाजवायला लागले. बाबांनी शेजारच्या अनोळखी माणसाचा दंड धरला होता आणि त्याला सांगत होते, ‘‘माय वाइफ. फ्रॉम पुणे.’’

दाराशी नावनोंदणीचा कागद ठेवला होता. पहिलं नाव मी लिहिलं, माझ्यामागे सोडून गेलेल्यांतले काही परत आले, आणि वर्ग वाचला. काइल आला नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटलं नाही. त्याचा भाऊ मात्र परत आला. पुढची दोन वर्षं आई आठवड्यातून दोनदा मादामच्या वर्गात पगाराविना शिकवायला जायची, गळ्यात ‘व्हॉलंटियर’ची पट्टी लावून. तिथे तिनं मुलांची क्रियापदं घोटून घेतली आणि मादामकडून स्वर पसरायला शिकली. माझ्या कामानं मला पुढे बऱ्याच देशांत नेलं, मोठमोठ्या लोकांना मोठमोठ्या सभांत बोलताना मी ऐकलं. आईसारखं बोलताना मी अजून कुणाला ऐकलेलं नाही.

त्या संध्याकाळी घरी जाताना मी गाडीत मागच्या सीटवर बसून वाट पाहत होते. बसमधल्या गोष्टीबद्दल आई आता बोलेल, मग बोलेल. शेवटी मीच म्हणाले, ‘‘आई, आय अ‍ॅम सॉरी. तुला सगळ्यांसमोर...’’

‘‘लाज वाटली मला,’’ ती समोर बघत म्हणाली. ‘‘खोटं कशाला सांगू. खूप लाज वाटली.’’ सिग्नल लागला, गाडी थांबली, आणि ती सीटवरून मागे वळली.

‘‘तो आवाज आला ना, तेव्हा मला पुढची ओळच दिसेना. एक अक्षर दिसेना. उठा म्हटलं खरं, पण कुणी उठलं नसतं तर मी थँक यू म्हणून खाली बसणार होते, मनू.’’